वळणावरचे दिवे

मिसूरीतल्या एका जत्रेत, ऑगस्टच्या उकाड्यात, लॅसिटर बहिणींचा कार्यक्रम संपत आला होता. धाकटी ग्लेंडा गिटार घेऊन गायची, थोरली मार्वा व्हायोलिन वाजवायची, आणि मागे भाड्याने आणलेले दोन वादक. तोवर सतरा गाणी झाली होती. त्या सतरा गाण्यांत लोकांनी सॉसेज खाल्ली, पोरांना शौचालयात नेऊन आणलं, ट्रॅक्टरच्या गप्पा मारल्या. मग मार्वाने ओळखीचा चार सुरांचा तुकडा छेडला, आणि हजार-दीड हजार माणसं बाकांवरून एकदम उठली.

'वळणावरचे दिवे' हे गाणं १९८६ साली निघालं आणि वर्षभरात देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचलं. नवरा दिवसभर लाकडाचा ट्रक चालवून घरी येतोय आणि बायको खिडकीत उभी राहून वळणावर त्याच्या ट्रकचे दिवे दिसण्याची वाट बघतेय, एवढंच ते गाणं. 'दिवे झुलत आले तर केस मोकळे सोडून पुढच्या दारात उभी राहीन' ही ओळ आली की लोक हात वर करून डावीउजवीकडे झुलत. पूर्वी हातात लायटर असायचे, आता मोबाईल असतात. त्या ओळीला ग्लेंडा डोळे मिटायची. ती त्या ओळीत हरवून जाते, असं एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं. ती हरवत वगैरे नसे. समोर हजार दिवे झुलायला लागले की तिच्या पोटऱ्यांत गोळा यायचा आणि पाय आपोआप मागे सरू बघायचे. म्हणून ती डोळे मिटायची आणि बुटाच्या टाचा फळीवर रोवून उभी राहायची. छत्तीस वर्षं तिने हे असंच निभावलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर सह्या घ्यायला टेबलापाशी रांग लागली. एक जोडपं पुढे आलं. बाई म्हणाली, "आमच्या लग्नात पहिला नाच याच गाण्यावर केला आम्ही. परवा आमच्या पोरीनेही केला."

"देव तिचं भलं करो," ग्लेंडा म्हणाली आणि फोटोवर सही केली. ती हे प्रत्येकीला म्हणायची. पण सवयीने नव्हे, मनापासून म्हणायची.

खरं गाणं वेगळं होतं. अर्कान्सामध्ये मार्बल फोर्क गावाबाहेर, रस्त्याच्या वळणापाशी तिचं आणि रॉइस टॅकेटचं घर होतं. रॉइस लाकडाचा ट्रक चालवायचा. संध्याकाळ झाली की ग्लेंडा भांडी घासायच्या मोरीवरच्या खिडकीशी उभी राहायची. ट्रकचे दिवे सरळ रेषेत आले तर रॉइस शुद्धीवर आहे. झुलत आले तर पिऊन आलाय. झुलत आले तर ती बूट हातात घ्यायची, बूट घालत बसलं तर फरशीवर वाजतात म्हणून, आणि मागच्या दाराने अनवाणी निघून ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन पडायची. एकदा चोवीस वर्षांची असताना ती उशिरा निघाली. त्यानंतर तिचा डावा कान अर्धाच राहिला. गाणं तिने त्या महिन्यात लिहिलं, कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीच्या कागदावर. तिची ओळ होती, 'दिवे झुलत आले तर बूट हातात घेऊन मागच्या दाराने जाईन.'

नॅशव्हिलमध्ये डाल्टन फ्राय नावाच्या निर्मात्याने ते ऐकलं. म्हणाला, "पोरी, चाल सोन्यासारखी आहे. पण हे ऐकून ट्रकवाल्याची बायको रेडिओ बंद करेल. तिला रडवू नकोस, तिला वाट बघायला लाव." त्याने लय दुप्पट केली, मागच्या दाराचं पुढचं दार केलं आणि बुटांच्या जागी केस आणले. ग्लेंडा सव्वीस वर्षांची होती. नाही म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती बरं म्हणाली. दोन वर्षांनी, गाण्याने दिलेल्या बळावर, तिने रॉइसला सोडलं. नाव झाल्यावर नवऱ्याला टाकलं, असं गाव म्हणालं. रॉइस मात्र 'गाण्यातला रॉइस' झाला. गावातल्या खानावळीच्या भिंतीवर ट्रकला टेकून उभा असलेला त्याचा फोटो लागला. गावात कुणी पाहुणा आला की रॉइसच्या पाठीवर थाप मारून जायचा.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमध्ये सामान भरताना फोन आला.

"मी ट्वायला टॅकेट," पलीकडची बाई म्हणाली. "रॉइसची बायको. रॉइस गेले. लाकडं फोडताना छातीत कळ आली, जागीच गेले. शनिवारी चर्चमध्ये आहे सगळं. लोकांची फार इच्छा आहे की तुम्ही ते गाणं म्हणावं."

"कळवते," एवढंच ग्लेंडा म्हणाली.

मार्वाने सगळं ऐकलं होतं. ती व्हायोलिनची पेटी बंद करत म्हणाली, "जायला हवं. नाही गेलो तर काय म्हणतील लोक? टीव्हीवालेसुद्धा येतील बहुतेक."

"तुझं टीव्हीवाल्यांशिवाय काही अडतं का गं?"

"माझं अडतं की नाही ते राहू दे. त्या गाण्यावर आपण दोघी जगलोय. तुझं तोंड वाकडं होतं, पोट माझ्यासारखंच भरतं."

ग्लेंडा जायला तयार झाली, पण मार्वाच्या बोलण्याने नव्हे. तिला रॉइसला शवपेटीत पडलेलं बघायचं होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका डुकराच्या मांसाचे काप आणि चीज घातलेले बटाटे मांडत होत्या. ग्लेंडाला बघून सगळ्यांचे हात थांबले. एक म्हातारी तिचा दंड धरून म्हणाली, "शेवटी आलीस हो. प्रेम ते प्रेमच असतं." ग्लेंडा आत गेली, पेटीपाशी उभी राहिली. रॉइस म्हातारा झाला होता. कुणीतरी त्याच्या गालांना रंग लावला होता. तिला वाटलं होतं काहीतरी सुटेल, सैल होईल. तसं काही झालं नाही. त्याचे हात छातीवर एकावर एक ठेवलेले होते, आणि ती त्या हातांकडेच बघत राहिली.

मागून ट्वायलाने हाक मारली. ट्वायला बावन्न वर्षांची, रुंद हाडांची बाई होती. ती ग्लेंडाला बाजूच्या खोलीत घेऊन गेली. तिथे गायकवृंदाचे निळे झगे खुंट्यांना लटकत होते. ट्वायलाने दार लावलं.

"तुम्ही याल असं वाटलं नव्हतं मला."

"तुम्ही बोलावलंत."

"गावाने बोलावलं. मी फक्त फोन लावला." ट्वायला खुर्चीवर बसली. "एक विचारायचंय तुम्हाला. तीस वर्षं झाली, विचारायचंय. ते गाणं लिहिलंत तेव्हा तो तुम्हाला मारत होता का?"

ग्लेंडाने एका झग्याची बाही हातात धरली. "हो."

"तेव्हाच?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

ट्वायलाने मान डोलावली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली. "आईबरोबर कोंबड्या कापायच्या कारखान्यात जायचे. रेडिओवर हे लागलं की सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायका हातातल्या सुऱ्या न थांबवता गायच्या. आमच्या घरात बाप आईशी बोलायचासुद्धा नाही. मला वाटायचं, एक बाई नवऱ्याची इतकी वाट बघते, तर तो माणूस किती चांगला असेल. मग तुम्ही त्याला सोडून गेलात. तुमचा राग आला होता मला. बिचारा खानावळीत एकटा बसलेला दिसायचा. बाविसाव्या वर्षी मी त्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसले."

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. ट्वायला तो आवाज थांबेपर्यंत थांबली.

"पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वळणावर दिवे झुलत आले. मला हसू आलं. म्हटलं, गाण्यातल्यासारखं करू. केस मोकळे सोडले आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिले." तिने उजव्या गालावर बोट ठेवलं. "इथले तीन दात नकली आहेत."

ग्लेंडाने झगा सोडला आणि ती भिंतीला टेकली. "मी तशी ओळ लिहिली नव्हती," ती म्हणाली, आणि मग तिने मूळची ओळ सांगितली. न गाता, नुसते शब्द.

"परत म्हण," ट्वायला म्हणाली.

ग्लेंडाने परत म्हटली.

"बूट हातात घेऊन." ट्वायलाने आपल्या पायांकडे पाहिलं. "हे रेडिओवर लागलं असतं तर मी त्या ट्रकमध्ये बसले नसते. हुशार नव्हते मी, पण एवढं कळलं असतं मला."

"मला माफ कर."

"ते तुझ्याजवळच ठेव. मी काय करू त्याचं?"

"मी आज खरी ओळ म्हणते," ग्लेंडा म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्याच्या पेटीशेजारी उभी राहून."

"नाही म्हणायचीस." ट्वायला उठून उभी राहिली. आवाज मात्र तिने चढवला नाही. "बाहेर माझ्या दोन्ही मुली बसल्यात. त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्या सासरच्यांना नाही. तीस वर्षं मी या गावाला सांगत आलेय, पायरीवरून घसरले, गायीने लाथ मारली. तू आज खरं गाशील आणि मोकळी होशील. उद्या दुकानात सगळे माझ्या तोंडाकडे बघतील. तू व्हॅनमध्ये बसून निघून जाशील, मला इथेच राहायचंय."

"मग काय म्हणू?"

"त्यांना हवंय ते म्हण. नीट म्हण. आणि डोळे उघडे ठेव. तू डोळे मिटतेस ते मी टीव्हीवर बघितलंय. लोकांना वाटतं प्रेमाने मिटतेस. पहिल्या हिवाळ्यानंतर मला कळलं कशाने ते."

ग्लेंडाने ते गाणं म्हटलं, आणि डोळे उघडे ठेवून म्हटलं. पहिल्या रांगेत ट्वायला दोन्ही मुलींच्या मध्ये बसली होती. धाकटीच्या पाठीवर तिचा हात होता. 'पुढच्या दारात उभी राहीन' हे शब्द आले तेव्हा ट्वायलाचे ओठही त्याबरोबर हलले, कारण सगळ्यांचेच हलत होते आणि ती एकटी गप्प राहिली असती तर दिसलं असतं. पाद्री ब्रदर हॉलिस रुमालाने डोळे पुसत होता. नंतर सगळे म्हणाले, ग्लेंडा लॅसिटर इतकं चांगलं कधीच गायली नव्हती. ते खरंही होतं.

परतीच्या वाटेवर मार्वा व्हॅन चालवत होती. तासाभराने ग्लेंडाने ट्वायलाचं सगळं सांगितलं.

मार्वाने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "वाईट झालं," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं. तो काय करायचा ते."

"कान बांधून तू माझ्याकडेच आली होतीस. ठाऊक कसं नसेल?"

"फ्रायने ओळ बदलली तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"त्याने विचारलं, थोरलीचं काय म्हणणं. मी म्हटलं, छान आहे." मार्वाने मागून येणाऱ्या ट्रकला वाट दिली. "ग्लेंडा, त्या गाण्याने तुला त्या घरातून बाहेर काढलं. तुझी ओळ राहिली असती तर ते गाणं कुणी वाजवलं नसतं, आणि तू अजून त्या ओढ्यात पडून असतीस. नाहीतर मातीत."

"मला बाहेर काढलं आणि तिला आत ढकललं."

मार्वाने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

नोव्हेंबरमध्ये ट्वायलाचा फोन आला. घर विकलं होतं. थोरल्या मुलीबरोबर ती विचिटाला राहायला गेली होती. तिथल्या एका वृद्धाश्रमात कपडे धुवायचं काम मिळालं होतं. मुलींशी बोलणं झालं होतं, त्यांच्या नवऱ्यांशीही. "आता तुला काय म्हणायचं ते म्हण," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको म्हणूस. कुणी सोळा वर्षांची पोरगी ऐकत असेल, तिच्यासाठी म्हण."

ओक्लाहोमातल्या एका कॅसिनोत रविवारी दुपारी कार्यक्रम होता. ग्लेंडाने मार्वाला आधीच सांगितलं. मार्वा म्हणाली, "लोक गोंधळतील." ग्लेंडा म्हणाली, "गोंधळू देत."

शेवटचं गाणं तिने निम्म्या लयीत सुरू केलं, पूर्वी कागदावर लिहिताना मनात होतं तसं. लोकांनी पहिल्या दोन ओळी तिच्या लयीत म्हटल्या, मग त्यांची लय आपसूक चढत गेली. कधी ते पुढे गेले आणि ती मागे राहिली, तिला कळलं नाही. तिसऱ्या कडव्यात ती 'बूट हातात घेऊन' म्हणत होती आणि आठशे माणसं 'केस मोकळे सोडून' म्हणत होती. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. तिने गिटारवर हात आडवा ठेवला. गाणं थांबलं. सभागृह शांत झालं.

"माझी ओळ अशी नव्हती," ती माईकमध्ये म्हणाली. "ती अशी होती. दिवे झुलत आले तर…" आणि ती अडली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा लोकांपुढे ते म्हणायचं होतं, आणि शब्द घशाच्या वर येईनात.

पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांची एक प्रेमळ बाई होती. तिला वाटलं, बिचारी विसरली. ती हळूच म्हणाली, "केस मोकळे सोडून, बाळा. केस मोकळे सोडून." शेजारच्याने ते जरा मोठ्याने म्हटलं. मग मागच्यांनी. क्षणभरात सगळं सभागृह उभं राहून, टाळ्या वाजवत, तिला तिच्या शब्दांची आठवण करून देत होतं. कितीतरी जण रडत होते. ग्लेंडा मान हलवत होती, तोंडाने सांगत होती, बूट, बूट, मागच्या दाराने. मार्वाने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा लोकांकडे पाहिलं, आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरून चाल उचलली. गाणं शेवटपर्यंत झालं.

कुणीतरी ते मोबाईलवर चित्रित केलं होतं. आठवड्याभरात ते लाखो लोकांनी पाहिलं. वयामुळे शब्द विसरलेल्या गायिकेला तिच्याच श्रोत्यांनी सावरलं, असं त्याखाली लिहिलं होतं. गाणं पुन्हा रेडिओवर वाजायला लागलं. जे लोक १९८६ साली जन्मलेही नव्हते ते आता त्यावर नाचू लागले.

ग्लेंडाने ट्युल्साच्या एका वर्तमानपत्राला स्वतः फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रॉइस, ओढा, कान, फ्राय. बातमीदार मुलगी नीट ऐकत होती, मधे मधे हं म्हणत होती. महिना झाला तरी काही छापून आलं नाही. ग्लेंडाने पुन्हा फोन केला तेव्हा ती मुलगी फार हळुवार बोलली, एकेक शब्द सुटा करून. "बाई, आम्ही तुमच्या बहिणीशी बोललो. तुम्ही विश्रांती घ्या. जे गेलेत, त्यांच्याविषयी असं काही छापणं बरं नाही ना."

ग्लेंडाने मार्वाच्या घरी जाऊन विचारलं. मार्वा दारातच उभी होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी विचारलं, ग्लेंडाला हल्ली आठवत नाही का. मी नाही म्हटलं नाही."

"म्हणजे हो म्हटलंस."

"मी काहीच म्हटलं नाही." मार्वाचा चेहरा पांढरा पडला होता. "मी एकाहत्तर वर्षांची आहे, ग्लेंडा. मला वाजवण्याशिवाय काही येत नाही. तो माणूस मेलाय. ती बाई सुटलीय. आता हे गाणं मोडून तुला काय मिळणार आहे?"

"मिळायचं काही नाही."

"मग?"

ग्लेंडा पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. वसंतात मार्वाने जॉपलिन शहरातली तिशीतली एक गायिका घेतली आणि जत्रांचे कार्यक्रम परत सुरू केले. पोरगी चांगली गायची, असं ऐकू आलं.

ग्लेंडा राहते त्या गावातले लोक तिच्याशी आता जरा मोठ्याने बोलतात. तिच्या हातातली पिशवी काढून घेतात, गाडीपर्यंत सोडायला येतात, घरचा रस्ता सापडेल ना म्हणून विचारतात. सुरुवातीला ती प्रत्येकाला सांगायची की मला सगळं आठवतं. ते हसून तिच्या खांद्यावर हात ठेवायचे. मग तिने सांगणं सोडलं.

विचिटाहून ट्वायला कधी कधी रविवारी फोन करते. वृद्धाश्रमातल्या चादरी, मुलीचं बाळ, गुडघा, असलं काहीबाही बोलते. एकदा तिने विचारलं, "ते मी पाहिलं मोबाईलवर. तू तुझी ओळ म्हणत होतीस ना तेव्हा?"

"म्हणत होते."

"ओठ हललेले दिसले. ऐकू काही आलं नाही," ट्वायला म्हणाली. मग तिने सांगितलं की आश्रमातलं कपडे सुकवायचं यंत्र बिघडलंय, आणि दोन दिवस झाले, सगळं ओलंच पडून आहे.